शिरवणचा हुंग्या

यंत्र चुकीच्या जागी बसवलंय हे सांगणारं प्रणिता केळूसकरचं बारावं पत्र दिल्लीला पोचलं आणि चार मिनिटांत उत्तर आलं. आपली सूचना मोलाची आहे, ती योग्य त्या विभागाकडे पाठवली आहे, कृपया पुन्हा पाठवू नये. आधीच्या अकरा पत्रांनाही हेच उत्तर आलं होतं, स्वल्पविरामासकट. प्रणितानं फोन टेबलावर आपटला, मग काच फुटली की काय म्हणून घाबरून उचलून पाहिला, आणि फुटली नव्हती म्हणून आणखीच वैतागली. फुटली असती तर निदान आठवडाभर पत्रं तरी लिहावी लागली नसती.

शिरवण हे खाडीकाठचं गाबितांचं, म्हणजे मच्छीमारांचं गाव. वरची वाडी, मधली वाडी आणि खालची वाडी, अशा तीन वाड्या. पुरुष समुद्रावर जात आणि बायका खाडीत उतरत. सुकती, म्हणजे ओहोटी लागली, पाणी कमरेएवढं झालं की साडीचा काचा मारायचा, रेवेवर, खाडीतल्या रेतीच्या पट्ट्यावर जायचं आणि पायाच्या अंगठ्यानं रेती चाचपायची. अंगठ्याला कवच लागलं की वाकून तो शिंपला, म्हणजे तिसरी, काढायची. मोठी असेल तर पाटीत जायची. नखाएवढी असेल तर तिला ‘बी’ म्हणत, आणि बी पुन्हा रेतीत पेरायचं, तेही वाट्टेल तिथे नाही, जागा बघून. हे कुठल्या कायद्यात लिहिलं नव्हतं. आईनं लेकीला, सासूनं सुनेला सांगितलं होतं आणि दोन-तीनशे वर्षं तेवढ्यावर भागलं होतं.

गेली तीन वर्षं मात्र खाडी बंद होती. नखाएवढी नाही, मोठी नाही, एकही तिसरी काढायची नाही, असा केंद्राचा हुकूम होता.

खरं सांगायचं तर कायदा वाईट नव्हता, आणि प्रणिता चिडलेली असली तरी हे कबूल करायची. देशभरच्या कितीतरी खाड्या लोकांनी पंप लावून खरवडून काढल्या होत्या. राज्यांनी कानाडोळा केला, म्हणून शेवटी दिल्लीनं सगळा किनाराच आपल्या हातात घेतला आणि ठरवलं की कुठून काय काढायचं ते पुढाऱ्यानं नाही, अधिकाऱ्यानं नाही, यंत्रानं सांगायचं. यंत्र लाच खात नाही, यंत्राला मेहुणे नसतात. बोलायला काही जागाच नव्हती.

यंत्र होतंही अफलातून. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव आपल्या अंगाचं काही ना काही सतत पाण्यात सोडत असतो. माशाचे खवले, बुळबुळीत चिकटा, विष्ठा, शिंपल्यानं पाणी गाळून बाहेर टाकलेला मळ. त्या प्रत्येक कणात त्या जिवाच्या पेशी असतात आणि पेशीत त्याचा डीएनए. दर तासाला हे यंत्र बादलीभर पाणी ओढून बारीक चाळणीतून गाळायचं, चाळणीवर उरलेल्या डीएनएचे तुकडे वाचायचं, आणि कुठल्या जिवाचे किती तुकडे निघाले त्यावरून तो जीव आसपास किती असेल याचा अंदाज बांधायचं. ऊन आणि जंतू हे तुकडे दोन-तीन दिवसांत खाऊन टाकतात, त्यामुळे जुन्या तुकड्यांमुळे फसगत होत नसे. जाळं नाही, मोजदाद नाही, एकही मासा न मारता पाण्याला विचारायचं, बाबा, तुझ्यात कोण कोण आहे. मग रोज शून्य ते शंभरातला एक आकडा निघायचा, आणि महिन्याभराच्या सरासरीचा आकडा दिल्लीला जायचा. चाळीसच्या खाली आला की खाडी बंद. चाळीसच्या वर गेला की हातानं काढायला परवानगी. शिरवणच्या तिसऱ्यांचा आकडा बावीस होता.

सरकारी कागदावर त्याचं नाव ‘जनुकीय जलमापक केंद्र क्रमांक ४१७’ असं होतं. गाव त्याला हुंग्या म्हणायचं.

हुंग्या हुशार होता, पण त्याला बसवणारे नव्हते. त्याला वीज लागायची आणि मोबाइलची रेंज लागायची, आणि शिरवणात या दोन्ही गोष्टी एकत्र फक्त बंदराच्या धक्क्यावर होत्या. म्हणून तो धक्क्याच्या खांबाला बांधला. तिसऱ्यांची रेव खाडीच्या वळणाच्या पलीकडे, अर्धा कोस आत. रेवेवरचं पाणी ओहोटीला समोरच्या तडीनं वाहत जायचं, धक्क्याच्या वाटेला जायचंच नाही. म्हणजे स्वयंपाकघरात मासे तळले आहेत की नाही हे शेजारच्या गावात उभं राहून हुंगायचं, तसला प्रकार. हे एवढंच प्रणितानं बारा पत्रांत लिहिलं होतं, नकाशासकट.

ती बी.एस्सी. झाली होती, प्राणिशास्त्र घेऊन, आणि लग्न करून शिरवणात आली होती. गावात आलेख वाचता येणारी तीच, म्हणून केंद्रचालक म्हणून तिची नेमणूक झाली. काम काय, तर आठवड्यातून एकदा हुंग्याच्या नळीवर चढलेलं शेवाळ घासायचं आणि चाळणी बदलायची. त्यामुळे गावातल्या बायकांच्या लेखी ती दिल्लीची माणूस होती आणि दिल्लीच्या लेखी गावची. दोन्हीकडचे शिव्याशाप तिच्याच पदरात पडत. नवरा दिगंबर बोटीवरून आला की म्हणायचा, दे सोडून. सोडून दिलं असतं तर नळी कोण घासणार होतं? शेवाळ चढलं की आकडा आणखी पडायचा.

गावानं विरोध केला नव्हता असं नाही. ग्रामसभेनं ठराव केला. तहसीलदारांकडे मोर्चा गेला. तहसीलदारांनी सगळ्यांना पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि हा केंद्राचा विषय आहे असं सांगितलं. मग खालच्या वाडीतल्या कुणीतरी चिडून हुंग्याच्या नळीला गोणपाट गुंडाळलं. आठ दिवस हुंग्याचा रोजचा आकडा शून्य आला आणि दिल्लीनं, प्रजाती नष्ट होण्याच्या मार्गावर आहे असं समजून, बंदी सहा महिन्यांनी वाढवली. ते गोणपाट शेवटी प्रणितानंच जाऊन सोडलं.

या सगळ्या विरोधाच्या मुळाशी होती जयवंतीकाकी. प्रणिताची चुलतसासू, वय वर्षं बहात्तर, वरच्या वाडीची. रेव तिच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. कुठे बी पेरायचं, कुठल्या वर्षी कुठला पट्टा राखायचा, हे ती तडीवर उभी राहून हात दाखवून सांगायची आणि तिन्ही वाड्यांतल्या बायका मुकाट ऐकायच्या. खाडी बंद झाल्यापासून तिचं घरात कशात लक्ष नव्हतं. सुकतीची वेळ झाली की ती अंगणात उगाच येरझारा घालायची आणि समोर दिसेल त्याला बोलायची.

बंदी होती, पण गावात कुणाच्याच घरी तिसऱ्यांचं सुकं शिजत नव्हतं असं थोडंच होतं? चार मुठी सगळेच आणत. प्रणितानंही आणल्या. तिसऱ्या पोटातली रेती ओकाव्यात म्हणून एक रात्र पाण्यात ठेवाव्या लागतात, नाहीतर खाताना दातांखाली कचकच येते. तिनं कांद्याच्या जाळीदार पोत्यात घालून पोतं धक्क्याच्या खांबाला पाण्यात टांगलं आणि नळी घासण्याच्या नादात विसरून घरी गेली. दोन दिवसांनी त्या दिवसाचा आकडा पाहिला तर बावीसचा एकदम एकोणतीस झालेला. आधी तिला वाटलं यंत्र बिघडलं. मग आठवलं, पोतं नळीपासून हातभर अंतरावर आहे.

तिला हसू आलं नाही, भयंकर राग आला. अख्ख्या रेवेवरच्या लाखो तिसऱ्या या गाढवाला कळत नाहीत आणि एका पोत्यानं आकडा सातानं चढतो. ती तशीच वरच्या वाडीत गेली आणि काकीपुढे सगळं ओकली. काकी वाटण वाटत होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

“म्हणजे ह्या मेल्याक लांबचां कळत नाय,” काकी म्हणाली. “नाकाकडे धरलां तरच वास येता.”

“तांच सांगतंय मी तीन वर्सां.”

“मगे धरूया नाकाकडे.”

प्रणिता नाही म्हणाली. यंत्राशी छेडछाड हा गुन्हा आहे, तो केल्यावर आपल्या खऱ्या तक्रारीलाही कुणी भीक घालणार नाही, असं तिनं परोपरीनं सांगितलं. काकीनं एकच विचारलं, की रेवेवर तिसऱ्या आहेत की नाहीत. आहेत. मग आपण खोटं काय सांगतो? बारा पत्रांचा वैताग प्रणिताच्या डोक्यात होताच. शेवटी तिनंच हिशेब घालून दिला. चार पोती, त्याहून एक जास्त नको. महिन्याची सरासरी पंचेचाळीसच्या आसपास येईल. खाडी उघडली की पोती काढून तिसऱ्या रेवेवर परत पेरायच्या. आणि आपण हे पाहिलेलं नाही, असं मनाशी ठरवून तिनं धक्क्याखाली उतरणं बंद केलं. नळी वरूनच, लांब दांड्याच्या ब्रशनं घासायची. डोळ्यांनी पाहिलं नाही म्हणजे आपण केलं नाही, अशी शिकल्यासवरल्या माणसानं स्वतःची समजूत घालावी, याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

महिन्याभरात आकडा त्रेचाळीस झाला आणि खाडी उघडली. त्या दिवशी घराघरांतून वाटणाचा वास सुटला. काकीनं तीन वर्षांनी काचा मारला आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरली, आणि पाटी भरून वर आली. प्रणितानं इतका आनंद त्या म्हातारीच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. गुन्हा असेल तर असो, असं तिला त्या दिवशी मनापासून वाटलं.

मग आकडा पन्नास झाला. मग अठ्ठावन्न. बासष्टला पोचला तेव्हा प्रणिता धक्क्यावर पोटावर पालथी झाली आणि खाली डोकावली. खांबाखांबाला पोती लोंबत होती. तिनं मोजली, छत्तीस भरली.

झालं होतं ते असं. शिरवणात कुठलीही गोष्ट वाडीच्या मानाशिवाय होत नाही. पालखीला खांदा पहिला वरच्या वाडीचा, तर देवाला गाऱ्हाणं खालच्या वाडीनं घालायचं, आणि मधल्या वाडीनं ढोल वाजवायचा. यात बोटभर इकडचं तिकडे झालं की तीन पिढ्या बोलणं बंद. वरच्या वाडीनं चार पोती लावली हे कळताच खालची वाडी म्हणाली, खाडी काय एकट्या वरच्या वाडीची आहे? त्यांनीही चार लावली. मधली वाडी म्हणाली, आम्ही काय फक्त ढोल वाजवायला? मग वरच्या वाडीला वाटलं, पहिला मान आपला, तर आपली पोती जास्त हवीत. असं करत करत अर्धी रेव उपसून बायकांनी धक्क्याखाली आणून टांगली होती. कुणी खाण्यासाठी नाही, कुणी विकायला नाही. मानासाठी.

प्रणिता काकीवर ओरडली. आयुष्यात पहिल्यांदाच सासरच्या वडीलधाऱ्या माणसाशी ती अशी बोलली. आजच्या आज पोती काढा म्हणाली. काकीला चूक कळत नव्हती असं नाही, पण तिनं मान हलवली.

“आमी पयली काढलंव तर आमची खोटी आणि त्येंची खरी असां होतलां. खालच्या वाडीन आधी काढूदे.”

खालच्या वाडीत गेली तर तिथे, वरच्यांनी आधी लावली तर वरच्यांनी आधी काढावी. मधल्या वाडीत, दोघांनी काढली की आमची काय, लगेच काढतो. प्रणिता चार दिवस या घरातून त्या घरात पायपीट करत राहिली. तिन्ही वाड्यांची पोती एकाच वेळी, एकाच हाकेला निघतील असा तोडगा पाचव्या दिवशी निघाला. त्या सकाळी आकडा अठ्ठ्याऐंशी झाला होता आणि तिच्या फोनवर दिल्लीचा निरोप येऊन पडला होता.

अभिनंदन, असं त्यात लिहिलं होतं. शिरवण खाडीत तिसऱ्यांचा अतिरिक्त साठा आढळला आहे. पंच्याऐंशीच्या वरचा साठा राष्ट्रीय संपत्ती समजून त्याचा नियमाप्रमाणे लिलाव झाला आहे. एका कंपनीचा उपसा पंप येत्या चौदा तारखेला खाडीत येईल. शिंपले चुन्याला, मांस कोळंबीच्या खाद्याला. तीन आठवड्यांचं काम. स्थानिकांनी सहकार्य करावं. हे सगळं कुणा माणसानं ठरवलं नव्हतं. आकडा ओलांडला आणि गाडी आपोआप पुढे गेली.

प्रणिताला कळेना, हसावं की रडावं. बावीसला बंदी आणि अठ्ठ्याऐंशीला लूट. मधल्या जागेत राहायला गावाला जेमतेम एक महिना मिळाला, आणि तो गावानं मानपानात घालवला. उपसा पंप म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. तो रेतीसकट सगळं ओढतो, मोठी नाही बघत, बी नाही बघत. एकदा तो फिरला की रेवेवर पुन्हा तिसरी धरेल याची खात्री देवसुद्धा देणार नाही. काकी म्हणाली, होड्या आडव्या घालू. घातल्याही असत्या, पण पंपाबरोबर पोलिसांची बोट असते, आणि शेजारच्या तालुक्यात होड्या आडव्या घातलेल्यांचं काय झालं ते पेपरात आलं होतं.

तेराव्या पत्राला प्रणितानं वेगळाच विषय दिला. केंद्राशी छेडछाड झाल्याची कबुली. आणि आश्चर्य म्हणजे चार मिनिटांत उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, जिवंत माणसाचा.

सुनावणी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, भिंतीवरच्या पडद्यावर झाली. पलीकडे दिल्लीत प्राधिकरणाचे अधिकारी लांजेवारसाहेब. मूळचे भंडाऱ्याचे, पन्नाशीचे, डोळ्यांखाली काळं. अलीकडे प्रणिता आणि तिच्या शेजारी, कुणी बोलावलं नसताना येऊन बसलेली जयवंतीकाकी. प्रणितानं सगळं सांगितलं, फक्त कुणी काय केलं ते अजून सांगितलं नव्हतं. यंत्राची जागा, पोतं, चार पोती, छत्तीस पोती. आकडा खोटा आहे, लिलाव रद्द करा आणि रेवेवर माणूस पाठवून मोजून घ्या, इतकंच तिचं मागणं होतं.

लांजेवारसाहेबांनी सगळं ऐकून कपाळ चोळलं.

“बाई, मला पटून राहिलं तुमचं. पण माझ्या पटण्याला इथे काही किंमत नाही. कायद्यात माणसाची मोजणी चालतच नाही. माणसं खोटं बोलतात म्हणून तर हे यंत्र आणलं ना.”

मग त्यांनी कलम वाचून दाखवलं. एकच वाट होती. यंत्राशी छेडछाड झाल्याचं केंद्रचालकानं लिहून दिलं तर केंद्र रद्द होतं. केंद्र नाही म्हणजे आकडा नाही, आणि आकडा नाही त्या खाडीतून कुणालाच काही काढता येत नाही. पंपाला नाही, हातालाही नाही. कंपनीचा लिलाव तिथल्या तिथे बाद. पण रद्द झालेल्या जागी नवं केंद्र दहा वर्षं मिळत नाही.

“दहा वर्षं?” प्रणितानं विचारलं.

“दहा. मी नाही ठरवली. आणि जबाबदार म्हणून एक नाव लागतं. त्या व्यक्तीला त्या खाडीत जन्मभर उतरता येत नाही. परत पेरायला म्हणूनसुद्धा नाही. वरून उपग्रह बघून राहिला असतो. ती व्यक्ती पाण्यात दिसली तर केंद्रचालकावर गुन्हा. आणि केंद्रचालकाचंच नाव असलं तर सरळ अटक.”

म्हणजे तीन वर्षांच्या बंदीविरुद्ध भांडायला निघालेल्या गावानं आता स्वतःच्या सहीनं दहा वर्षांची बंदी मागून घ्यायची होती. पण पंप आला तर दहा वर्षांनीही काही उरणार नव्हतं, आणि बंदी आली तर रेव उरणार होती. यात विचार करण्यासारखं फारसं नव्हतं. नावाचाही तिनं फारसा विचार केला नाही. हिशेब तिनं घालून दिला होता, पहिलं पोतंही तिचंच होतं. माझं नाव लिहा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

“साहेब, माजां नाव घाला,” काकी म्हणाली. “जयवंती सखाराम केळूसकर. पोती मी बांदलंय. हिका काय एक म्हायत नव्हतां.”

“काकी, गप ऱ्हवा.”

“तू गप ऱ्हव.” काकी पडद्याकडेच बघत होती. “साहेब, धा वर्सांनी खाडी उघडतली तेवा मी ब्याऐंशीची. असलंय तर. ही छपन्नाची. हिच्या नावार बंदी घातलास तर तेवा रेवेत कोण उतारतला? माज्या नावार घातल्यार कोणाचां काय जाता?”

प्रणिता भांडली. पडद्यावरचा माणूस बघतोय हे विसरून भांडली. तुम्ही पाण्यात उतरल्याशिवाय एक दिवस राहू शकत नाही, तीन वर्षांत घरादाराला सळो की पळो केलंत, जन्मभर कशा राहाल, असं सगळं बोलली. लांजेवारसाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि हळूच विचारलं, की केंद्रचालक म्हणून तुम्ही पुष्टी करता का? हे कृत्य या बाईंनी तुमच्या माहितीशिवाय केलं?

तीन वर्षं प्रणिता एकाच गोष्टीसाठी भांडत आली होती, की जे खरं आहे तेच दिल्लीला कळवा. तिनं काकीकडे पाहिलं. काकीनं टेबलाखाली तिच्या पायावर पाय दाबला होता, लहानपणी आई दाबायची तसा.

“हो,” प्रणिता म्हणाली. “त्यांनीच केलं. मला माहीत नव्हतं.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. त्यांना खरं कळलं होतं की नाही, कोण जाणे. जाता जाता ते एवढंच म्हणाले, की पोत्यातला साठा जिवंत असेल तर तो परत पाण्यात सोडायला तीन दिवसांची परवानगी माझ्या अधिकारात देता येते, ती देतो. प्रणिताला स्वतःची भयंकर लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली, नाकारता येणार नाही असं, हायसंही वाटत होतं. खाडी तिला उरली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुकतीला तिन्ही वाड्यांच्या बायका रेवेवर जमल्या. पोती एकदम निघाली होती, कुणाचं आधी, कुणाचं नंतर, हे बघायला कुणाच्यात त्राण नव्हतं. दाटीवाटीनं पोत्यात राहून पाव हिश्श्याच्या तिसऱ्या मेल्या होत्या आणि त्यांचा वास येत होता. उरलेल्या पेरायच्या होत्या. बायका कमरेएवढ्या पाण्यात रांगेनं उभ्या होत्या आणि काकी तडीवर, कोरड्या रेतीत उभी राहून हात दाखवत होती.

सांगून कळण्यासारखं ते काम नव्हतं. रेती पायाखाली मऊ लागली तर तिथे तिसरी घालायची नाही, ती गुदमरते. कचकचीत लागली तर घालायची. पण मऊ किती आणि कचकचीत किती, हे तडीवरून कसं सांगणार? काकी ओरडायची, हंय नको, थंय. प्रणिता तिकडे जायची, तर काकी म्हणायची, इतक्या फुडे कित्याक गेलंस. प्रणिता मागे यायची, तर ती जागा गेली म्हणून काकी कपाळाला हात लावायची. ऊन वर चढत होतं, भरती लागायला तासभर उरला होता आणि अजून बारा पोती भरलेली होती. काकीनं पाचव्यांदा, गे आंधळे, तुज्या पायाक कळणा नाय काय, असं विचारलं तेव्हा प्रणिताचा तोल गेला.

“इतकां कळता तर उतरा नी तुमीच पाण्यात,” ती ओरडली. “येवा आणि दाखवा.”

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो. रांगेतल्या बायका हातातल्या पाट्या तशाच धरून थांबल्या.

काकी सवयीनं पुढे आली होती. काचा सकाळपासून मारलेलाच होता, तो कशाला मारला हे कुणी तिला विचारलं नव्हतं. तिचा एक पाय घोट्यापर्यंत पाण्यात होता. तिनं खाली त्या पायाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग तो मागे घेतला.

“नको,” ती म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. “तूच कर. वायच उजव्या बाजून सरक.”

प्रणिता उजवीकडे सरकली. पायाखाली रेती कचकचीत लागली.